पुढचा शब्द

९ फेब्रुवारी

ताई,

भाऊजींनी तुझा निरोप दिला. हो, त्या पुनर्वसन केंद्राचं पत्र आलं आहे. नाही, मी अजून उत्तर दिलेलं नाही. बाबांसाठी एप्रिलअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो, असं ते म्हणतात. तोवर ठरवायला हवं, एवढं मलाही कळतं. त्यासाठी भाऊजींना मध्ये घालायची गरज नव्हती. बिचारे फोनवर इतकं जपून बोलत होते, जणू हातात काचेचं सामान घेऊन जिना उतरतायत.

मी फोन करत नाही, कारण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत नाहीस आणि मला आवाज चढवता येत नाही. तूही लिहिलंस तर बरं.

बाबांचं विचारलं होतंस. झटक्यानंतर उजवा हात तसाच आहे. पाय थोडा उचलतात. डॉक्टर म्हणाले, समज शाबूत आहे, शब्दही डोक्यात जागच्या जागी आहेत, फक्त जीभ ऐकत नाही. डाव्या हातात पेन दिलं तेव्हा त्यांनी दोन ओळी गिरवल्या. मला त्या वाचता आल्या नाहीत. मी अंदाज केला, तो चुकला. त्यांनी पेन खिडकीतून खाली टाकलं. तळमजल्यावरच्या बाईंनी आणून दिलं, तर पुन्हा टाकलं. नेम अजून चांगला आहे.

मी दुकानात असते तेव्हा मावशी त्यांच्यापाशी असतात. कामाला चोख आहेत, पण सकाळी आल्यापासून जाईपर्यंत बोलत असतात. बाबा भिंतीकडे तोंड करून पडतात. मावशी म्हणतात, "आजोबांना माझ्या गोष्टी आवडतात, एकदा पण थांबवलं नाही मला."

खोली तू बघितली होतीस तशी राहिलेली नाही. न्हाणीघराचं दार रुंद करून घेतलं, भिंतीला धरायला दांडे बसवले, पलंग उंच केला. हे सगळं केंद्राचं पत्र यायच्या आधीच केलं होतं. नुसतं कळवते आहे.

हॉस्पिटलच्या जिन्यात तू म्हणालीस, "त्यांनी 'प' म्हटलं की तू पाणी घेऊन पळतेस. त्यांना पंखा हवा असेल तर?" त्याच्यामुळे नाही, पण मी एका क्लासला नाव घातलं आहे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, शनिवारी दुपारी, मोठ्यांसाठी प्रोग्रामिंग. हसू नकोस. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या आहेत आणि खडूला हात लावण्याआधी बाह्या दुमडतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "इथे मोठं काही करायचं नाही. दर आठवड्याला एक छोटं काम. आधी ते चालतं का बघायचं. चाललं, तर का चाललं ते बघायचं. दुसरं जास्त अवघड असतं."

तुझी,
धाकटी


२ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. एका पानात चार वेळा 'तज्ज्ञ' हा शब्द आहे. मी मान्य करते की तिथे बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज येतात आणि इथे आठवड्यातून एकदा येतात. पहिले काही महिने महत्त्वाचे असतात, हेही मान्य. पण बाबांना अनोळखी माणसांत ठेवायचं तर ते त्यांना विचारून ठेवायचं. तू म्हणशील, विचार की मग. तेच चाललं आहे.

पहिलं छोटं काम असं होतं. मी मनात शंभराच्या आतला आकडा धरायचा आणि मशीनने तो ओळखायचा. माझं मशीन एकापासून सुरू झालं. एक आहे का? दोन आहे का? तीन? मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही नव्वद धरला असेल तर चहा पिऊन येऊ का आपण?" मग त्यांनी दाखवलं, मधला विचारायचा. पन्नासाहून मोठा की लहान? एका उत्तरात निम्मे आकडे गळतात. उरलेल्यांचा पुन्हा मधला. बघता बघता आकडा कोपऱ्यात सापडतो.

मला तिथेच हसू फुटलं. दुकानात मी वर्षानुवर्षं दुसरं काय करते? गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे चष्म्याची काच धरते, "ही बरी, की आधीची?" असं विचारते आणि निम्म्या काचा बाजूला सारते. याला नाव आहे, त्यावर पुस्तकं आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी बाबांवर प्रयोग केला. ते बराच वेळ काहीतरी मागत होते आणि मी पाणी, उशी, औषध असं एकेक पुढे करत होते. ते सगळ्याला डोळे मिटून घेत होते. मग खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "बाबा, मान हलवा फक्त. अंगाचं काही आहे की खोलीतलं?" अंगाचं. "कमरेच्या वर की खाली?" वर. "दुखतंय?" नाही. असं करत हातावर आले, हातावरून बोटांवर. त्यांना नखं कापून हवी होती. आठवडाभर मी त्या माणसाला पाणी पाजत होते.

नखं कापताना ते माझ्याकडे बघत होते. गाडी शिकायला आलेल्याला पहिल्यांदा चढावर गाडी थांबवून पुन्हा सुटता आलं, की ते जसं बघायचे तसं. कौतुक नाही. 'चालतंय' एवढंच.

मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. पण निम्मं-निम्मं करून तेच सापडतं, जे आधीपासून तुमच्या डोक्यात असतं." तेव्हा मी फार लक्ष दिलं नाही.

शेवटी तू विचारलंस, 'तुला स्वतःला काय हवंय ते एकदा लिही.' पत्र लांबलं. ते पुढच्या वेळी.

धाकटी


२३ मार्च

ताई,

बाबा बोलले.

म्हणजे टॅबलेट बोलला, पण शब्द त्यांचे. स्क्रीनवर बटणं, प्रत्येक बटणावर एक शब्द. बाबांनी डाव्या बोटाने दाबायचं, मशीन तो मोठ्याने उच्चारतं. शब्द मी घातले. पाणी, पंखा (हो, पंखा), दुखतंय, उठवा, मावशी, ताई, नको, बास, बडबड, बंद असे. मॅडमनी अडवलं, "आणि त्यांना हवा असलेला शब्दच नसला तर?" म्हणून मागच्या पानावर सगळी अक्षरं आणि काना-मात्राही घातल्या. ते पान उघडायला कोपऱ्यातला छोटा बाण दाबावा लागतो. एवढं कुणी करत बसणार नाही असं मला वाटलं, पण गृहपाठ म्हणून केलं.

मी पलंगावर टॅबलेट टेकवून ठेवला. मावशी चादरीच्या घड्या घालत बहिणीच्या सुनेचं काहीतरी सांगत होत्या. बाबांनी बराच वेळ बोट हवेत धरलं आणि मग दाबलं. मशीन म्हणालं, "मावशी." मावशी थबकल्या. "बडबड." मग "बंद."

मग मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बघा! इतके दिवस अंग पुसलं, केस विंचरले, आणि तोंड आलं तर पहिलं माझ्यावरच चाललं!" बाबांचा खांदा हलत होता. हसताना त्यांचा आता फक्त एकच खांदा हलतो. मावशींनी त्या दिवशी दुपारपर्यंत तोंड मिटून दाखवलं आणि मग सुनेचं उरलेलं सांगून टाकलं.

तुझं म्हणणं होतं की मी त्यांना बोलू देत नाही. हे पत्र त्याचं उत्तर समज.

फक्त एक अडचण आहे. त्यांना फार वेळ लागतो. 'उशी' शोधताना हात गळून जातो. पुढच्या आठवड्यात त्याचं काहीतरी करायचं आहे. मॅडमनी युक्ती सांगितली आहे.

धाकटी


६ एप्रिल

ताई,

आता प्रश्न सुटला, असं मला वाटतं. शांतपणे वाच.

युक्ती अशी. कुठल्या शब्दाच्या मागे कुठला शब्द किती वेळा येतो, हे मशीनने मोजत राहायचं. 'पंखा'च्या मागे बहुतेक वेळा 'लावा' येत असेल, तर 'पंखा' दाबल्याबरोबर 'लावा' समोर हजर. तो दाबला की त्याची मोजणी आणखी वाढते. म्हणजे मशीन वापरता वापरता माणसाच्या सवयी शिकतं. मात्र मोजणी सुरू करायला आधी वाक्यं लागतात. ती मी रोज थोडी थोडी भरली. जो शब्द येण्याची शक्यता जास्त, तो डावीकडे वरच्या कोपऱ्यात येतो, कारण बाबांचं बोट तिथे सहज पोचतं. हे मी स्वतः सुचवलं. मॅडम म्हणाल्या, वापरणाऱ्याचा विचार केलात, हे आवडलं.

आता बाबा भराभर बोलतात. परवा सकाळी मी त्यांना सरळ विचारलं. केंद्राचं पत्र वाचून दाखवलं, तिथली खोली, रोज येणाऱ्या बाई, तुझं घर तिथून किती जवळ आहे, सगळं. माझ्या बाजूने एक शब्द घातला नाही. मग टॅबलेट पुढे ठेवला. त्यांनी दाबलं आणि मशीन म्हणालं, "मला इथेच बरं वाटतं."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

मी केंद्राला तसं कळवून टाकलं आहे. तुला राग येईल. पण हे मी म्हटलेलं नाही, त्यांनी म्हटलं आहे, आणि आता तरी तू ते ऐकावंस.

धाकटी


१५ एप्रिल

ताई,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. 'बाबा आयुष्यात कधी बरं वाटतं म्हणाले आहेत? ते चालतंय म्हणतात.' मी ते वाचून बाजूला ठेवलं. मला वाटलं, हरलेलं माणूस भाषेवर घसरतं.

काल मावशींनी टॅबलेट पुसायला घेतला. बाबा न्हाणीघरात होते, मी दाराशी उभी होते. काचेच्या डाव्या कोपऱ्यात चहाचा डाग वाळला होता, आणि मावशी ओल्या फडक्याने तिथेच घासत होत्या. मशीन म्हणालं, "मला." मावशी दचकल्या, पण डाग निघाला नव्हता. "इथेच." "बरं." "वाटतं." फडकं फिरत राहिलं. "मला इथेच बरं वाटतं. मला इथेच बरं वाटतं."

मावशी म्हणाल्या, "अगंबाई, फडक्याला पण इथेच बरं वाटतं का?" आणि हसत सुटल्या. मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या.

मी माझं बोट त्या कोपऱ्यात टेकवलं. प्रत्येक वेळी पुढचा शब्द त्याच जागी येत होता. वाक्य संपलं की पहिल्यापासून सुरू. बोट उचलून दुसरीकडे न्यायची गरजच नव्हती. यात बिघाड काही नाही. मी सांगितलं तसंच ते करतं आहे.

शनिवारची वाट न बघता मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं पाहिलं आणि एकच विचारलं, "सुरुवातीची वाक्यं कुणाची?" मी म्हटलं, बाबांची. "त्यांनी सांगितलेली?" नाही. ते म्हणतील असं मला वाटलं, ती. मॅडम बाह्या उलगडून खाली ओढत होत्या.

ताई, ती वाक्यं मी दुकानातून आल्यावर चहा पिता पिता भरायचे. इथेच बरं वाटतं. इथेच झोप लागते. धाकटी आली का. मला कंटाळा येत नाही. भरताना मला अजिबात खोटं वाटलं नाही. चांगली वाटत होती ती वाक्यं. मशीनने ती मोजली, वर आणून ठेवली, बाबांनी हाताला येईल ते दाबलं, आणि मशीनला वाटलं, हेच यांना म्हणायचं असतं, म्हणून ती आणखी वर नेली. दोघांच्या मध्ये मी माझंच वाक्य फिरवत ठेवलं होतं.

बाबांच्या शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, आठवतो? ते तो अगदी नाइलाज झाल्याशिवाय दाबायचे नाहीत. आई म्हणायची, एखाद दिवशी भिंतीवर जाल. तर म्हणायचे, गाडी तो चालवतोय, मी नुसता बसलोय. मी त्यांच्यासाठी गाडी बनवली आणि तिच्यात दुसरं स्टिअरिंगच बसवून ठेवलं.

संध्याकाळी त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, "तुम्हाला कळलं होतं ना, हे काय बोलतंय ते?" त्यांनी मान हलवली. हो. "मग मला सांगितलं का नाही?" विचारल्यावर माझं मलाच कळलं. कशाने सांगणार होते?

पण तेवढंच नसावं. ते वाक्य पहिल्यांदा ऐकून मी किती खूश झाले होते, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर जितक्या वेळा विचारलं, तितक्या वेळा त्यांनी बोट कोपऱ्यात ठेवलं.

मी अंदाज करणारा सगळा भाग काढून टाकला आहे. फार मेहनत घेतलेला भाग होता. काढायला क्षणभर लागला.

धाकटी


२१ एप्रिल

ताई,

आता सगळे शब्द आपापल्या जागी स्थिर आहेत. कुठलाही शब्द पुढे येत नाही, मागे जात नाही. बाबांना पुन्हा वेळ लागायला लागला.

रविवारी सकाळी मावशींना सुट्टी दिली. मी विचारणार होते, 'केंद्रात जायचं की इथे राहायचं?' ओठांवर आलं आणि थांबले. हा प्रश्नही मी आधीच दोन तुकडे करून आणला होता. म्हणून म्हटलं, "बाबा, मला काही विचारायचं नाही. तुम्हाला काय म्हणायचंय?" आणि हात मांडीखाली घालून बसले. खरंच तसं बसले, नाहीतर ते राहत नाहीत.

ते बराच वेळ शब्दांवरून बोट फिरवत राहिले. मग कोपऱ्यातला छोटा बाण दाबला. अक्षरांचं पान उघडलं. कुणी एवढं करत बसणार नाही असं मला वाटलं होतं, ते पान.

पहिलं 'श' आलं. मला शाल दिसली. खुर्चीच्या पाठीवरच होती, हात लांबवला की मिळाली असती. शाल आणली नाही. मग वेलांटी. मग त्यांचा हात थकून खाली पडला, आणि मी तरीही काही बोलले नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, होत नव्हती. बाबांनी हात उचलला. 'क'. पुढचं मी बघत राहिले.

"शिकायचं आहे."

मी विचारलं, काय? त्यांनी बोट उचलून स्वतःच्या ओठांवर ठेवलं. मग पहिल्या पानावर येऊन एक शब्द दाबला, "ताई." आणि हात खिडकीच्या दिशेने हलवला, बाहेर, लांब.

ताई, मी त्यांच्यासाठी इतके शब्द घातले होते. दुखतंय होतं, उठवा होतं, नको होतं. शिकणं नव्हतं. दर शनिवारी बाहेर पडताना मी त्यांना सांगून जायची, "बाबा, मी शिकायला जातेय हं." आणि तो शब्द त्यांना लागेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यांना माझ्याजवळ राहायचं नाही, असं ते म्हणाले नाहीत. तुझ्याकडे जास्त आवडेल, असंही नाही. हे तुझ्या बाजूचं उत्तर समजू नकोस. ते आपल्या दोघींविषयी बोलतच नव्हते.

सोमवारी केंद्राला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमचं 'नाही' आलंय आमच्याकडे." मी म्हटलं, "ते त्यांचं नव्हतं, माझं होतं." त्या मग म्हणाल्या, "आणि हे 'हो' कुणाचं?" चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, "त्यांचं. अक्षर-अक्षर लावून दिलेलं आहे." जागा अजून कुणाला दिलेली नाही. पुढच्या आठवड्यात घेऊन या म्हणाल्या.

धाकटी


२८ एप्रिल

ताई,

हे पत्र टॅबलेटच्या पिशवीत ठेवते आहे. आधी ते वाच, मग सामान लाव.

टॅबलेट त्यांच्या डाव्या बाजूला ठेवायचा, थोडा तिरका. मी शब्द वाढवले आहेत, पण या वेळी माझ्या मनाने नाही. आठवडाभर ते अक्षरं लावून जे मागत गेले, तेच घातले. 'शिकायचं' आहे. 'मूर्खपणा' आहे. 'तुझी आई' आहे, त्याच्यापुढे काही नाही, मी विचारलं नाही. 'चालतंय' आहे. तुझं बरोबर होतं.

त्यांच्या अर्ध्या वाक्यावर उठू नकोस. तुला ते जमेल, तू माझ्यापेक्षा हट्टी आहेस. आणि पहिले काही दिवस त्यांना 'इथे बरं वाटतंय ना?' असं विचारू नकोस. त्यांना तुला दुखवायचं नसतं, म्हणून ते हो म्हणतील.

तू मागे पत्रात विचारलं होतंस, मला काय हवंय. मी दोनदा टाळलं. मला ते इथे हवे आहेत. अजूनही. खोलीतले दांडे काढणार नाही. मावशी दिवसा येऊन मलाच सुनेचं सांगणार आहेत, पैसे नको म्हणतात, सवय झाली म्हणतात. क्लास चालू ठेवला आहे. हे सगळं खरं आहे आणि तरी त्यांना पाठवते आहे, दोन्ही एकत्र राहू दे. याचं निम्मं-निम्मं करू नकोस.

गाडी खाली आली आहे. भाऊजींनी दोनदा हॉर्न वाजवला, आता वाजवत नाहीत. तू बहुतेक गाडीतच बसली आहेस. खिडकीतून फक्त छप्पर दिसतंय.

मगाशी मी बाबांना विचारलं, "मी येऊ का सोडायला?" त्यांनी 'ये' दाबलं. मी लगेच उठून चप्पल घालायला लागले, तर त्यांचं बोट अजून स्क्रीनवर होतं. ते अक्षरांच्या पानावर गेले होते. तेव्हा पुन्हा येऊन बसले आहे आणि हे लिहिते आहे.

आत्तापर्यंत 'ये' आणि पुढे 'प' आहे. मला काहीही सुचत नाहीये, आणि मी सुचवूनही घेत नाहीये. तुम्ही दोघं खाली जरा थांबा. त्यांचं वाक्य झालं की आम्ही उतरतो.

धाकटी